दोनशे कुंडल्यांची परीक्षा

२३ फेब्रुवारी २००१ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने देशातल्या विद्यापीठांना एक परिपत्रक धाडले. ‘ज्योतिर्विज्ञान’ या नावाचा स्वतंत्र विभाग उघडू इच्छिणाऱ्यांनी अर्ज करावेत, असे त्यात म्हटले होते. विभागासाठी १५ लाख रुपयांचे एकरकमी अनुदान, शिक्षकांची पदे, ग्रंथालय, संगणक आणि शिवाय कुंडल्यांचा संग्रह करणारी एक ‘कुंडली बँक’, असा सगळा सरंजाम मिळणार होता. माणसाच्या आयुष्यात आणि विश्वात कधी काय घडेल हे वैदिक ज्योतिष सांगते, त्याला नवसंजीवनी देण्याची तातडीची गरज आहे आणि हे महत्त्वाचे विज्ञान जगाला निर्यातही करता यावे, असा परिपत्रकाचा सूर होता.

लग्न ठरवताना पत्रिका जुळवणाऱ्या या देशात ज्योतिष शिकवणे ही काही नवी गोष्ट नव्हती. काशीच्या आणि दरभंग्याच्या संस्कृत विद्यापीठांत ते आधीपासून शिकवले जात होते आणि त्यावरून कोणी रान उठवले नव्हते. वाद पेटला तो ‘विज्ञान’ या शिक्क्यावरून. हा शिक्का मारणारे लोक अडाणीही नव्हते. मनुष्यबळ विकास मंत्री मुरली मनोहर जोशी हे स्वतः अलाहाबाद विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवत असत. आयोगाचे अध्यक्ष हरी गौतम हे पेशाने शल्यचिकित्सक. तेव्हा विज्ञानाचा गंध नसलेल्यांनी काढलेले फर्मान म्हणून ते परिपत्रक झटकून टाकता येत नव्हते. विज्ञान कशाला म्हणायचे, हा प्रश्न विज्ञान शिकलेल्या माणसांमध्येच उभा राहिला होता.

पुण्याला हा प्रश्न जास्त जवळचा होता. पुणे विद्यापीठाच्या आवारात १९८८ साली उभी राहिलेली ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था याच अनुदान आयोगाची निर्मिती. तिचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर. ज्या आयोगाने ताऱ्यांचा अभ्यास करायला त्यांच्या हाती संस्था दिली, तोच आयोग आता ताऱ्यांवरून नशीब सांगण्याला विज्ञानाचा दर्जा देत होता. २००१ च्याच जूनमध्ये नारळीकरांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त एक लेख लिहिला. त्याच्या शीर्षकातच त्यांनी निवाडा दिला होता: हे वैदिकही नाही आणि विज्ञानही नाही. देशातल्या इतर अनेक शास्त्रज्ञांनी पत्रके काढली, सह्या गोळा केल्या, वर्तमानपत्रांत लेख लिहिले. हैदराबादच्या ‘सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलेक्युलर बायोलॉजी’ या संस्थेचे संस्थापक पुष्प भार्गव न्यायालयात गेले.

सह्यांच्या पत्रकांचा असाच एक प्रसंग त्याआधी पाव शतक अमेरिकेत घडून गेला होता. तो इथे आठवावा असा आहे, कारण त्यातून शास्त्रज्ञांनी धडा घ्यायला हवा होता. १९७५ च्या शरद ऋतूत ‘द ह्यूमॅनिस्ट’ या नियतकालिकात फलज्योतिषाच्या विरोधात एक निवेदन छापून आले. खाली १८६ शास्त्रज्ञांच्या सह्या होत्या, त्यांत १८ नोबेल विजेते. निवेदन लिहिण्यात खगोलशास्त्रज्ञ बार्ट बोक पुढे होते. कार्ल सेगन यांनाही सहीसाठी विचारले गेले आणि त्यांनी नकार दिला. फलज्योतिषावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता, पण निवेदनाचा हुकूमशाही सूर त्यांना खटकला. ग्रहांचा माणसावर परिणाम होण्याची कोणतीही यंत्रणा आपल्याला माहीत नाही, हा मुद्दा त्यांना निर्णायक वाटत नव्हता. खंड सरकतात असे आल्फ्रेड वेगेनर यांनी सांगितले तेव्हा ते कशाने सरकतात हे कोणालाच सांगता येत नव्हते, तरी खंड सरकत होतेच.

पॉल फायराबेंड या तत्त्वज्ञाने तर त्या निवेदनावर कडाडून हल्ला चढवला. विज्ञानाच्या अधिकारावरच शंका घेणारा हा माणूस. त्याने १९७८ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले, की बीबीसीला या सह्या करणाऱ्यांपैकी काहींच्या मुलाखती घ्यायच्या होत्या, तेव्हा त्यांनी आपण फलज्योतिषाचा कधी अभ्यासच केलेला नाही असे सांगून नकार दिला. तरीही जाहीर निषेधावर त्यांची नावे होतीच. पंधराव्या शतकात चेटकिणींविरुद्ध ग्रंथ लिहिणाऱ्या चर्चच्या पंडितांना निदान आपला विषय ठाऊक होता, असे त्याने सुनावले. विज्ञानाच्या बाजूने उभ्या असणाऱ्या प्रत्येकाने फायराबेंडची ही टीका मनाला लावून घ्यावी असे मला वाटते. त्याचे बाकीचे तत्त्वज्ञान मला पटत नाही, पण इथे तो बरोबर होता. १८६ सह्यांनी एखादी गोष्ट खोटी ठरत नाही. आणि आयोगाच्या परिपत्रकाने ती खरीही ठरत नाही.

मग ठरते कशाने? याचे उत्तर आपल्या मातीतच होते, आणि ते ज्योतिषाच्याच इतिहासात होते.

आपण ज्याला सरसकट ज्योतिष म्हणतो त्याचे जुन्या ग्रंथकारांनी तीन स्कंध मानले आहेत. ग्रहगणिताचा सिद्धांत, शकुन-पर्जन्य वगैरेंची संहिता आणि माणसाच्या जन्मवेळेवरून भविष्य सांगणारी होरा, म्हणजे जातक. मुरूडसारख्या कोकणातल्या लहान गावात जन्मलेल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. या विषयावर इतका पायाभूत ग्रंथ त्या काळात दुसऱ्या कोणत्याही भारतीय भाषेत झाला असेल असे मला वाटत नाही. दीक्षितांनी वेद, ब्राह्मणे आणि वेदांगज्योतिष तपासून नोंदवले, की ऋग्वेद-यजुर्वेदाच्या वेदांगज्योतिषात मेष-वृषभादी राशी नाहीत, रविवार-सोमवार नाहीत. तिथे आहे ते पाच वर्षांचे युग, अयने, तिथी आणि नक्षत्रे, म्हणजे यज्ञाचा काळ नेमका धरण्याचे गणित. बारा घरांची जन्मकुंडली तिथे नाही. होराशास्त्रावर ग्रीकांशी आलेल्या संपर्काची छाप आहे हे पुढच्या संशोधकांनी सविस्तर दाखवले, आणि वराहमिहिरानेही यवनांच्या या विद्येचा आदराने उल्लेख केला आहे. परिपत्रकातल्या ‘वैदिक’ या विशेषणाचा निकाल असा त्याच्या आधी एकशेपाच वर्षे पुण्यात छापला गेला होता.

पण दीक्षितांच्या ग्रंथात मला यापेक्षा मोलाचे काही दिसते. ते म्हणजे आपल्या गणित्यांची चुका सुधारण्याची रीत. पंधराव्या शतकाच्या अखेरीला मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावात केशव दैवज्ञ राहत होता. १४९६ साली त्याने ‘ग्रहकौतुक’ रचला. ब्राह्म, आर्य, सौर या तिन्ही पक्षांप्रमाणे येणारी ग्रहांची स्थाने त्याने प्रत्यक्ष आकाशाशी ताडून पाहिली, आणि कोणता ग्रह कोणत्या पक्षाने जुळतो, कोणता कोणत्याच पक्षाने जुळत नाही, हे लिहून ठेवले. ऋषींनी सांगितले म्हणून ते बरोबर, असे त्याने म्हटले नाही. त्याचा मुलगा गणेश दैवज्ञ. त्याचे ‘ग्रहलाघव’ १५२० सालचे. ज्या-चापांचा व्याप टाळून सोप्या आकडेमोडीने ग्रह काढण्याची युक्ती त्याने दिली, आणि पुढची तीनशेहून अधिक वर्षे महाराष्ट्रातली पंचांगे या ग्रंथावर चालली.

तीनशे वर्षांत ग्रहलाघवाच्या गणितातही अंतर पडत गेले. ग्रहणे सांगितल्या वेळेला लागेनात, ग्रह सांगितल्या जागी दिसेनात. तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपातल्या नव्या कोष्टकांचा आधार घेऊन १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत आणली, आणि १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या मदतीने दृक्प्रत्ययी पंचांग सुरू केले. लोक त्याला पटवर्धनी पंचांग म्हणू लागले. दृक्प्रत्यय म्हणजे डोळ्यांना येणारा प्रत्यय. गणिताने सांगितलेला चंद्र आकाशात तिथेच दिसला पाहिजे, नाही तर गणित बदलायचे. यावरून धर्मशास्त्र्यांशी कडाक्याचे वाद झाले. १९०४ साली मुंबईत पंचांग परिषद भरली आणि लोकमान्य टिळकांनी या सुधारणेत पुष्कळ शक्ती घातली. राशिचक्राचा आरंभ नेमका कोणत्या ताऱ्यापासून धरायचा, रेवतीपासून की चित्रेच्या समोरून, हा त्यातला कळीचा वाद. तो मिटला नाही. कोकणातल्या काही घरांत अजून टिळक पंचांग मानतात, आणि एखाद्या वर्षी अधिक महिना वेगळा आला की त्यांची दिवाळी गावाच्या दिवाळीपासून महिनाभर लांब पडते.

वाद मिटला नाही, पण त्याची जात बघा. दोन्ही बाजूंना मान्य होते की आकाश हाच साक्षीदार. ग्रहण अमुक घटिकेला लागेल असे लिहिले आणि ते लागले नाही, तर ज्याने लिहिले तो चुकला. यातून पळवाट नाही. ज्योतिषाच्या पहिल्या स्कंधाने हे ओझे स्वतःच्या खांद्यावर घेतले, म्हणून तो शतकानुशतके सुधारत गेला आणि शेवटी आजच्या खगोलशास्त्रात मिसळून गेला. तिसऱ्या स्कंधाने हे ओझे कधी घेतलेच नाही. फेब्रुवारी १९६२ मध्ये मकर राशीत आठ ग्रह एकत्र आले तेव्हा प्रलयाच्या भीतीने देशभर यज्ञ झाले, लोकांची झोप उडाली. ग्रह आपापल्या गणिताप्रमाणे आले आणि पुढे निघून गेले. जगबुडी झाली नाही. म्हणून कोणी होराग्रंथातला एक तरी नियम खोडला का? केशव दैवज्ञाने सिद्धांताशी जे केले ते जातकाशी कोणी केले नाही. माझ्या मते ‘हे विज्ञान आहे का’ या प्रश्नाचा सगळा गाभा इथे आहे.

न्यायालयांनी या गाभ्याला हात लावला नाही. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांची याचिका २००१ सालीच फेटाळली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. वैज्ञानिक दृष्टी जोपासणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे असे राज्यघटनेचे कलम ५१-क सांगते, त्याचा आधार याचिकाकर्त्यांनी घेतला होता. ५ मे २००४ रोजी न्यायमूर्ती राजेंद्र बाबू आणि न्यायमूर्ती माथूर यांच्या पीठाने अपील नामंजूर केले. कोणते अभ्यासक्रम असावेत हे ठरवणे शिक्षणतज्ज्ञांचे काम, न्यायालय त्यात सहसा पडणार नाही; विषय ऐच्छिक आहे, कोणावर सक्ती नाही; शिक्षणाचे भगवेकरण होत असल्याचा आरोपही टिकत नाही. निकालाचा आशय थोडक्यात हा. पुढे २०११ च्या फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयापुढे ‘जनहित मंच’ची याचिका आली. ज्योतिषी, बुवा वगैरेंच्या जाहिरातींना औषधे व जादुई उपचार यांच्या जाहिरातींविषयीचा कायदा लावावा, अशी तिची मागणी होती. चार हजार वर्षांपासून चालत आलेले हे विश्वासार्ह शास्त्र आहे, अशी भूमिका केंद्र सरकारतर्फे मांडली गेली आणि २००४ च्या निकालाचा दाखला देत याचिका निकाली निघाली. दुसऱ्या दिवशी बातम्यांचे मथळे होते: ज्योतिष हे विज्ञान आहे, न्यायालयाचे शिक्कामोर्तब.

न्यायाधीशांना मी दोष देत नाही. एखादी विद्या खरी की खोटी हे ठरवणारे साधन न्यायालयाकडे नसते. त्यांच्यापुढे प्रश्न आला तो आयोगाच्या अधिकाराचा, आणि उत्तर त्यांनी तेवढ्याचेच दिले. पण वृत्तपत्रांतून समाजापर्यंत पोचला तो वेगळाच अर्थ. म्हणूनच या दोन निकालांच्या मधल्या काळात पुण्यात जे घडले त्याची आठवण ठेवणे मला फार गरजेचे वाटते.

चार माणसे एकत्र आली. जयंत नारळीकर हे खगोलशास्त्रज्ञ. सुधाकर कुंटे हे पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले प्राध्यापक. नरेंद्र दाभोलकर हे साताऱ्याचे डॉक्टर, एके काळचे कबड्डीपटू, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे संस्थापक आणि ‘साधना’चे संपादक. आणि प्रकाश घाटपांडे, ज्यांनी फलज्योतिष आधी स्वतः शिकून घेतले आणि मग त्याची चिकित्सा करण्यात वर्षे घातली. बीबीसीला नकार देणाऱ्या सहीकर्त्यांची जी उणीव फायराबेंडने दाखवली होती, ती या चौकडीत राहिली नव्हती. कुंडली मांडता येणारा, आकाश जाणणारा, आकडे जोखणारा आणि घरोघरी जाऊन माहिती आणू शकणारी संघटना पाठीशी असणारा, असे चौघे एका कामाला लागले.

प्रश्न त्यांनी साधा निवडला. जन्मकुंडलीवरून माणसाची बुद्धी कळते, असे ज्योतिषी सांगतात. पंचमस्थान विद्येचे, बुध बुद्धीचा कारक, हे कोणत्याही जातकग्रंथात सापडेल. मग दोन टोके घ्या. शाळेत हुशार म्हणून ओळखली जाणारी शंभर मुले आणि बौद्धिक अक्षमता असलेली, विशेष शाळांत जाणारी शंभर मुले. या दोन गटांत जेवढा फरक आहे तेवढा फरक जर कुंडलीत दिसत नसेल, तर नोकरीत बढती कधी मिळेल यासारखे बारीक फरक तिच्यात कुठून दिसणार? विवाहयोग, धनयोग यांच्या भाकितांत घसरायला जागा पुष्कळ असते. ‘योग प्रबळ होता, पण उपाय केले नाहीत’ असे म्हणता येते. इथे तशी जागाच नव्हती. मूल एक तर या गटातले, नाही तर त्या.

समितीच्या कार्यकर्त्यांनी शाळांमधून आणि पालकांकडून दोनशे मुलांच्या जन्मतारखा, वेळा आणि ठिकाणे जमवली. त्यांवरून घाटपांड्यांनी कुंडल्या मांडल्या. यातला कळीचा भाग पुढे आहे. कोणती कुंडली कोणत्या गटातली, याची किल्ली सांकेतिक क्रमांकांत बांधून संख्याशास्त्र विभागात कुलूपबंद राहिली. ज्योतिष्यांना ती ठाऊक नव्हती, आणि कुंडल्या पाठवणाऱ्यांनाही नव्हती. ज्याला उत्तर माहीत आहे तो नकळतही इशारा देऊ शकतो, आणि ज्याला निकाल अमुक लागावा अशी इच्छा आहे तो मोजताना डोळेझाक करू शकतो. दाभोलकरांना निकाल कोणता आवडला असता हे जगजाहीर होते. म्हणून त्यांच्याही डोळ्यांवर पट्टी बांधलेली होती. औषधांच्या चाचण्यांत हीच शिस्त पाळतात. माझ्या मते या प्रयोगातली सर्वांत सुंदर गोष्ट ही, की त्यात शंका घेणाऱ्यांनी आपल्या शंकेलाही सवलत दिली नाही.

१२ मे २००८ रोजी पुण्यात पत्रकार परिषद घेऊन आवाहन करण्यात आले. प्रत्येक ज्योतिष्याला दोनशेतून यादृच्छिक निवडलेल्या चाळीस कुंडल्या मिळणार. मूल हुशार की अक्षम एवढेच त्याने प्रत्येकीसमोर लिहायचे. संस्थांना हवे तर सगळ्या दोनशे मिळतील. ज्योतिष्यांच्या वर्तुळात खळबळ उडाली. काहींनी बहिष्काराची भाषा केली. पण ५१ जणांनी कुंडल्या मागवून घेतल्या, आणि महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून २७ जणांनी उत्तरे पाठवली. त्यांत दीर्घ अनुभवाचे व्यावसायिकही होते. एका संस्थेने पूर्ण दोनशे कुंडल्या अभ्यासून कळवल्या. या सत्तावीस जणांना आणि त्या संस्थेला मी मनापासून मान देतो. आपली विद्या परीक्षेला बसवायची हिंमत त्यांनी दाखवली. बाहेर उभे राहून परीक्षेची टवाळी करणाऱ्यांपेक्षा ते केशव दैवज्ञाच्या अधिक जवळचे होते.

चाळीस वेळा नाणे उडवून छापा पडला तर हुशार, काटा पडला तर अक्षम असे लिहीत गेले, तर साधारण वीस उत्तरे बरोबर येतील. सत्तावीस जणांतली सर्वांत चांगली उत्तरपत्रिका २४ बरोबर उत्तरांची होती. त्याखाली दोघांची २२. बाकी सारे विसावर किंवा विसाच्या खाली, आणि सगळ्यांची सरासरीही विसाच्या खालीच. चोवीस हा आकडा ऐकून कोणाला वाटेल, की निदान एकाला तरी काही गवसले होते. संख्याशास्त्राचे गणित मांडून पाहा. सत्तावीस माणसांनी निव्वळ नाणे उडवले असते, तरी त्यांतले तीन-चार जण चोवीस किंवा त्याहून पुढे जातील अशी अपेक्षा असते. इथे एकच गेला. दोनशे कुंडल्या पाहणाऱ्या संस्थेची १०२ उत्तरे बरोबर आली. नाण्याने शंभर दिली असती.

हा निबंध चौघांच्या नावाने मार्च २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या बंगळुरूच्या नियतकालिकात छापून आला. असाच एक प्रयोग शॉन कार्लसन यांनी कॅलिफोर्नियात केला होता आणि तो डिसेंबर १९८५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला होता. तिथे २८ ज्योतिष्यांना एकेका पत्रिकेसाठी तीन व्यक्तिवर्णनांतून खरे वर्णन ओळखायचे होते. त्यांचे उत्तर तीनांत एकदाच्या आसपास बरोबर आले, म्हणजे अंदाजाने येईल तेवढेच. पण तो प्रयोग पाश्चात्त्य, सायन पद्धतीच्या पत्रिकांवरचा. आमची निरयन पद्धत निराळी, असे इथले ज्योतिषी म्हणू शकत होते, आणि ते म्हणणे रास्त होते. पुण्याच्या प्रयोगाने ती फट बुजवली.

आक्षेप आले. यायलाच हवे होते. जन्मवेळा अचूक नसतील; एवढ्याशा एका प्रश्नावरून सगळ्या शास्त्राची किंमत होत नाही; नामांकित ज्योतिषी यात उतरलेच नाहीत; माणूस समोर बसलेला नसताना कुंडली बोलत नाही. यांतला प्रत्येक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. दोनशे कुंडल्या हा लहान नमुना आहे आणि एका प्रयोगातून एकाच दाव्याची परीक्षा होते, हेही खरे. पण जन्मवेळांबद्दलच्या आक्षेपाचा शेवट कुठे होतो ते पाहावे. या कुंडल्या पालकांनी सांगितलेल्या वेळांवरून मांडल्या होत्या, आणि गल्लोगल्ली रोज ज्या पत्रिका मांडल्या जातात त्यांनाही तोच आधार असतो. तेवढ्या माहितीवर दक्षिणा घेऊन भविष्य सांगता येत असेल, तर तेवढ्याच माहितीवर परीक्षाही देता यायला हवी. आणि समोर बसलेल्या माणसाशिवाय कुंडली बोलत नसेल, तर बोलते ते कुंडलीपेक्षा त्या माणसाचे कपडे, चेहरा आणि त्याने नकळत दिलेली उत्तरे असण्याची शक्यता अधिक. हा आक्षेप फलज्योतिषाच्या बाजूने घेतला जातो आणि त्याच्याच मुळावर येतो.

नारळीकरांविषयी एक गैरसमज इथे दूर करायला हवा. त्यांना ‘प्रस्थापित विज्ञानाचे पुजारी’ ठरवणारे लोक त्यांच्या कामाकडे पाहत नाहीत. कोल्हापुरात जन्मलेला, बनारसला वाढलेला आणि केंब्रिजला फ्रेड हॉईल यांच्या हाताखाली तयार झालेला हा माणूस आयुष्यभर खगोलशास्त्रात अल्पमतात राहिला. विश्वाचा आरंभ महास्फोटाने झाला हे जगातल्या बहुतेक सगळ्या खगोलशास्त्रज्ञांनी मान्य केल्यावरही त्यांनी ते मान्य केले नाही. १९९३ साली हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी पर्यायी प्रतिमान मांडले. ते बहुतेकांना पटले नाही, आणि पुढच्या निरीक्षणांनी महास्फोटाच्या सिद्धांताची बाजू भक्कम केली. माझ्या मते नारळीकर या बाबतीत चुकले. पण त्यांच्या प्रतिमानातून काय दिसायला हवे, कोणत्या निरीक्षणाने ते मोडेल, हे ते लिहीत राहिले, आणि विरोधक त्याच मैदानात त्यांना उत्तर देत राहिले. म्हणजे वैज्ञानिक असायला बहुमताबरोबर असावे लागत नाही. बरोबर ठरावेच लागते असेही नाही. पराभवाची अट आधी लिहून द्यावी लागते. ज्योतिष्यांकडे त्यांनी मागितले ते एवढेच, आणि स्वतःच्या सिद्धांताकडूनही त्यांनी तेच मागितले होते. त्यांच्या शंकेला जे नैतिक वजन होते ते यामुळे.

दाभोलकरांना अंधश्रद्धेविरुद्धचा लढा मोठ्या किमतीला पडला. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर फिरायला निघालेले असताना गोळ्या घालून त्यांचा खून करण्यात आला. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडत होते, तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी आधी अध्यादेशाच्या रूपाने आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळात मंजूर होऊन आला. मे २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांची सुटका केली. चाळीस कुंडल्या तपासून पाहा, एवढे सभ्य आव्हान देणाऱ्या माणसाशी आपल्या राज्यात असे वागले गेले, याची लाज महाराष्ट्राने विसरू नये. नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले.

परिपत्रकाचा प्रवास मात्र थांबलेला नाही. २०२१ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने ज्योतिष या विषयात एम.ए. सुरू केले, तेव्हा २००१ चे सगळे मुद्दे पुन्हा वर आले: पुन्हा निषेध, पुन्हा परंपरेचा दाखला. आपल्याकडे रामटेकच्या कवि कुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठात ज्योतिष शिकवले जाते. इतिहास, संस्कृत वाङ्मय आणि प्राचीन गणित म्हणून हा विषय कोणी शिकवत असेल तर ते चांगलेच काम आहे. वराहमिहिर आणि गणेश दैवज्ञ वाचणारी मुले आपल्याला हवीच आहेत. पण जिथे भविष्य वर्तवण्याची विद्या म्हणून जातक शिकवले जाते आणि त्यावर विद्यापीठाची पदवी दिली जाते, तिथल्या विभागप्रमुखांना माझी एक विनंती आहे. तुमच्याकडे शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत, संगणक आहेत आणि कुंडल्या जमवणे तुम्हाला अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांपेक्षा सोपे आहे. पुण्याची पद्धत छापलेली आहे, कोणालाही उपलब्ध आहे. तिच्यात दोष वाटत असेल तर तुमच्या मनासारखी सुधारा. प्रश्न तुम्ही निवडा, जन्मवेळा रुग्णालयाच्या नोंदींतून घ्या, दोनशेच्या जागी दोन हजार कुंडल्या घ्या. फक्त उत्तरांची किल्ली शेजारच्या संख्याशास्त्र विभागाकडे ठेवा, आणि जो निकाल येईल तो छापा.